फियाटची चार बटणं

"रेघ एकदा सुरू केली की तिला कुठेतरी नेऊन पोचवायची जबाबदारी आपली," असं श्यामकांत एकदा म्हणाला होता.

मिथुनची नवी गाडी तेव्हा उमेशच्या गॅरेजसमोर उभी होती. विजेवर चालणारी, पांढरी. तलासरी नाक्याच्या अलीकडे, हायवेला लागून उमेशचं गॅरेज आहे. रविवारी सकाळी तिथे गाड्यांचं वेड असलेली चार माणसं जमतात. एक स्वतः उमेश, मूळचा उधव्याचा. दुसरा मिथुन, डहाणूला रेल्वेत सिग्नल खात्यात आहे. तिसऱ्या दक्षाबेन, शाळेतून निवृत्त झालेल्या. आणि चौथा श्यामकांत, वय सहासष्ट. चौघांत ज्याच्याकडे गाडी नाही, कधी नव्हती, आणि ज्याला चालवताही येत नाही, तो श्यामकांत. मतं मात्र सगळ्यांत जास्त त्याचीच.

त्या दिवशी त्याने मिथुनच्या गाडीच्या पुढच्या दिव्यापाशी बोट टेकवलं आणि पत्र्यातली धारदार घडी धरून तो मागे मागे चालत गेला. पुढच्या दारावर घडी वर चढली, मागच्या दारावर खाली उतरली आणि मागच्या चाकाशी येऊन विरून गेली. बोट तिथेच थांबलं.

"कुठे गेली?" त्याने विचारलं.

"कोण, काका?"

"रेघ. इथपर्यंत आली होती माझ्याबरोबर."

आणि मग ते रेघेच्या जबाबदारीचं वाक्य आलं.

"काका, डिझाइन आहे ते," मिथुन म्हणाला. "गाडी धावतेय असं वाटतं त्याने."

"उभी असताना?"

उमेश इतका हसला की बशीतला चहा पॅन्टवर सांडला. मिथुनही हसला, पण सोडणाऱ्यातला तो नव्हता. त्याने दार उघडून काकांना आत बसवलं. पुढे मोठी काच. गाणी काचेवर, नकाशा काचेवर, थंड हवा काचेवर. श्यामकांतने बोट लावलं. काच गप्प. पुन्हा लावलं. जवळजवळ पन्नास वर्षं पोलाद आणि कानस यांच्यामध्ये राहून त्याच्या बोटांची टोकं इतकी घासली होती की काचेला ती माणसाची वाटेनात.

"मला ओळखत नाही तुझी गाडी."

"हलक्या हाताने, काका. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं."

"मग कळणार कसं लागलं की नाही? बटण म्हणजे हाताने वाचायची गोष्ट. डोळे रस्त्यावर पाहिजेत. पंखा लावायला वाचन करत बसायचं, तर मी वाचनालयात जाईन."

"आणि समोरून ट्रक आला तर? तुमच्या आवडत्या जुन्या गाड्यांत स्टिअरिंग छातीतून आरपार जाईल. इथे सहा एअरबॅग आहेत."

मिथुनचं ते म्हणणं खरं होतं आणि खरं म्हणणं तो खोडून काढत नसे. त्याने विषय पुढच्या जाळीवर नेला. बिनइंजिनाच्या गाडीला एवढा जबडा कशाला, ती कुणाला खाणार आहे?

असे ते रविवार.

बाकीचे सहा दिवस श्यामकांत डहाणू गावातल्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरात असे. सोमवारी दूधवाल्याशी एक वाक्य, बुधवारी वाण्याशी दोन. कधी कधी गुरुवारी संध्याकाळी तो मुद्दाम खाकरून बघे, आवाज आहे की गेला. मग बाहेर पडून समुद्राच्या रस्त्याला कठड्यावर बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघे. मुंबईहून, सुरतेहून आलेल्या. चिरांसारखे बारीक दिवे असलेल्या. मागच्या बाजूला चार धुराडी दाखवून त्यांतली तीन खोटी असलेल्या. दाराचे दांडे अंगात ओढून घेतलेल्या. एकेक मत तो मनात घडवे, घासे, धार लावे. रविवारी रिकाम्या हाताने जायचं नसे. लोक पाहुण्याकडे जाताना चिकूची पिशवी नेतात, तसा हा तलासरीला मत घेऊन जाई. कोसबाडची चढण चढणाऱ्या शेअरिंगच्या इको व्हॅनमध्ये, कोंबड्यांच्या टोपल्यांना गुडघे लावून बसलेला असताना, तो ते ओठांतल्या ओठांत म्हणून बघे.

त्याचा धंदा डाय कोरण्याचा. सोनार ज्यात सोन्याचा पातळ पत्रा ठोकून पदकं, कर्णफुलं, नावांच्या अंगठ्या काढतात, तो पोलादी ठसा. चौदाव्या वर्षी चिंचणीला एका कारखान्यात तो शिकायला बसला. पहिल्या दिवशी गुरूने सांगितलं, "आजपासून जग उलटं बघायला शीक." ठशात अक्षर उलटं कोरलं तर दागिन्यावर ते सुलटं येतं. पहिली दोन वर्षं डोकं दुखे. नंतर दुखेनासं झालं.

गाड्यांचं वेडही तिथूनच आलं. सतराव्या वर्षी एका जुन्या फियाटच्या बॉनेटवरून त्याने सहज हात फिरवला आणि त्याला कळलं की हेही आपलंच काम आहे. हाही पत्राच, हाही कुणीतरी ठशात दाबला, आणि तो ठसा कोरणाऱ्याला ही वळणं आधी उलटी दिसली असणार. त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल त्याला जी जवळीक वाटली, ती पुढे फार थोड्यांबद्दल वाटली.

त्या थोड्यांत मनोरमा होती. मनोरमा त्याची बायको. तिने ठरवून टाकलं होतं की तिने वाचल्याशिवाय एकही डाय घराबाहेर जाणार नाही. काम झालं की ती मेणाचा गोळा घेऊन येई, डाय त्यावर दाबे, मेण उजेडात धरे आणि मोठ्याने वाचे. "शुभ. बरोबर." "कुंदा. बरोबर." "अहो, ही जयश्री आहे का? श्रीला शेपूट कमी पडलंय." मूल झालं नाही. घरात वाचल्या गेलेल्या नावांची संख्या मात्र हजारांत असेल. लोकांच्या मुलींची नावं, सुनांची नावं. कधी ती म्हणे, "घरात सायकल धड नाही, आणि मतं बघा माणसाची. गाड्यांच्या कंपन्या विचारायला येणारेत." तो म्हणे, "आल्या तर चहा टाक."

तीन वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर त्याने डाय कोरणं बंद केलं. लोकांना सांगितलं की आता मशीनवर होतात, आपली गरज उरली नाही. तेही खोटं नव्हतं.

मग एक दिवस उमेश त्याला शोधत आला. कुणाच्यातरी जुन्या जीपवरची नावाची पट्टी हरवली होती, ती फोटोवरून पत्र्यातून नुसती कापून हवी होती, कोरायचं काही नव्हतं. पट्टी द्यायला श्यामकांत तलासरीला गेला, तेव्हा गॅरेजमध्ये एका फियाटवरून वाद चालला होता. त्याने उभ्या उभ्या एक मत दिलं. उमेशने स्टूल पुढे सरकवलं.

ती फियाट दक्षाबेनची. त्यांच्या वडिलांनी घेतलेली, बाहत्तर सालची, फिक्या हिरव्या रंगाची. वडील गेले तेव्हापासून वाडीत ताडपत्रीखाली पडून होती. उमेशने इंजिन जिवंत केलं, रंग झाला, सीट झाल्या. राहिला तो स्टिअरिंगपुढचा फळा, डॅशबोर्ड. दिवे, वायपर, चोक, आणि वडिलांनी हौसेने बसवलेला छोटा पंखा, ही चारही बटणं तडकून गळून गेलेली. नुसते दांडे बाहेर आलेले. बाजारात तशी मिळेनात.

"एक स्क्रीन बसवू," मिथुन म्हणाला. "सगळं त्याच्यावर. मागचा कॅमेरासुद्धा."

"दक्षाबेन, वडिलांच्या तोंडाला काळा चष्मा लावाल का?" श्यामकांत म्हणाला.

"तमे बे जण लडो नहीं," दक्षाबेन म्हणाल्या. वर्गात दोन पोरांना वेगळं करताना लागतो तोच आवाज. "शामभाई, तुम्ही करून देणार बटणं? तर करा. फेब्रुवारीत दमणला जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. तोपर्यंत झाली तर तुमची बटणं बसतील आणि माझ्या शेजारच्या सीटवर तुम्ही बसून यायचं. नाही झाली, तर मिथुनची काच. बस."

एवढंच ठरलं. पण घरी जाताना इकोमध्ये श्यामकांतला जाणवलं की फार दिवसांनी त्याला कुणीतरी काहीतरी करायला सांगितलं आहे, आणि ते झालं नाही तर कुणाचंतरी अडणार आहे.

चार महिने तो ती बटणं करत होता. पितळेचा गज आणला. चारही बटणं बोटाला वेगवेगळी लागावीत असं त्याने ठरवलं. दिव्यांच्या बटणाच्या कडेला बारीक दाते. वायपरच्या कडेला जाड, दूर दूर. चोक ओढायचा असतो, म्हणून त्याला मागून बोट अडकेल अशी खाच. पंख्याचं गुळगुळीत, मधे थोडं फुगीर, लाडवासारखं. डोळे मिटून तो तासन् तास ती हाताळत बसे. दर रविवारी प्रगती विचारली जाई. मिथुन म्हणे, "काका, स्क्रीन दोन दिवसांत येते, कुरिअरने." श्यामकांत म्हणे, "येणारच. तिला यायला कुणाची वाट कुठे बघायची असते."

शेवटी नावं कोरायची राहिली. जुन्या बटणांवर इंग्रजी अक्षरं होती. ही मराठीत करायची, पूर्ण शब्द, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. भिंग डोळ्याला लावलं आणि कोरायचं कलम उचललं, तर तीन वर्षं बंद असलेला हात आपणहून चालू लागला. चार दिवस, चार शब्द. दिवे. वायपर. चोक. पंखा.

काम संपलं त्या दुपारी तो उठून स्वयंपाकघरात गेला. मेणाचा गोळा अजून त्याच डब्यात होता, वरून कडक झालेला. त्याने तो उन्हात मऊ केला, एकेक बटण त्यावर दाबलं, मेण खिडकीशी धरलं आणि मोठ्याने वाचलं. "दिवे. बरोबर." थांबला. "वायपर. बरोबर. चोक. बरोबर. पंखा. बरोबर." खोलीत दुसऱ्या कुणाला काही म्हणायचं नव्हतं. चारही शब्द मेणावर स्वच्छ, सुलटे उठले होते. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

मेळाव्याला आठ दिवस असताना, रविवारी, त्याने रुमालाची गाठ गॅरेजमध्ये सोडली. पितळ झळाळलं. उमेशने एक बटण हातात घेऊन नुसतं फिरवलं. "काय वजन आहे हो, शामकाका. आणि हे दाते. हे दिव्याचं ना? बघितलं नाही मी. हाताने ओळखलं."

श्यामकांतने मिथुनकडे बघितलं. मिथुनने दोन्ही हात वर केले. "हरलो. कॅमेरा तरी बसवू द्या."

उमेशने कडा चाचपूनच चारही बटणं ओळखून दांड्यांवर चढवली, मागचे छोटे स्क्रू आवळले. दक्षाबेन साडी सावरून स्टिअरिंगमागे बसल्या. दिव्यांचं बटण ओढलं, पुढचे दोन्ही दिवे लागले. वायपर फिरले. पंखा घरघरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असावं, कारण त्यांनी पदर डोळ्यांना लावून मग चष्मा चढवला आणि वाचायला पुढे वाकल्या.

त्या बराच वेळ वाकून राहिल्या. ओठ हलत होते, पण शब्द लागत नव्हता.

"शामभाई," त्या म्हणाल्या, "आ मोडी छे?"

"मोडी कशाला? मराठी आहे. सरळ."

उमेश खिडकीतून डोकावला. त्याने मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या. मग तो आत गेला आणि इंजिनाखाली बघायचा, दांड्याला लावलेला छोटा आरसा घेऊन आला. आरसा बटणांसमोर धरला. आरशात शब्द उभे राहिले. दिवे. वायपर. चोक. पंखा.

"आई शप्पथ," मिथुन म्हणाला. "काका, तुम्ही उलटी..."

श्यामकांतने बटणांकडे बघितलं. मग आरशाकडे बघितलं. पुन्हा बटणांकडे. त्याला दोन्हीकडे सरळच दिसत होतं. बावन्न वर्षांत त्याच्या डोळ्यांनी उलटं आणि सुलटं यातलं भांडण कधीच मिटवून टाकलं होतं. चूक त्याला अक्षरांत सापडली नाही. ती सापडली तिघांच्या चेहऱ्यांवर. आणि तेव्हा त्याला मेण आठवलं. बटण ठसा नव्हे. ते कशावर दाबायचं नसतं, ते तसंच वाचायचं असतं. मेणावर सुलटं उठलं, याचाच अर्थ ते उलटं होतं. मनोरमा असती तर तिने मेण बाजूला ठेवलं असतं. म्हणाली असती, "अहो, हे बटण आहे. डोकं कुठंय?"

आता हसतील, असं त्याला वाटलं. त्याने तयारीही केली. मिथुन म्हणेल, आरशात बघून चालवायची गाडी, रिव्हर्समध्येच जाणार दमणला. आपण म्हणू, तुझ्या काचेपेक्षा बरं, उलटं का होईना बोलतं तरी. उत्तर जिभेवर येऊन थांबलं होतं.

कुणी हसलं नाही.

"काही नाही हो, काका," मिथुन म्हणाला. हा आवाज श्यामकांतने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, बारीक, गोड, दवाखान्यात वापरतात तसा. "उलट छान आहे. अशी दुसऱ्या कुणाकडे नसतील. आणि बटण हाताने वाचायचं, हे तुमचंच ना?"

"हां तो," दक्षाबेन म्हणाल्या. "रहेवा दो. मने तो गमे छे, आवडली मला. उमेश, काढू नको. शामभाई, तुम्ही बसा आधी. पाणी घ्या."

उमेशने स्टूल आणलं. स्टूल दोनदा फडक्याने पुसलं. पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी दिला. मिथुनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ठेवून दिला.

श्यामकांत बसला. पाणी प्यायला. ग्लास खाली ठेवला आणि मिथुनकडे वर बघत, अगदी शांतपणे म्हणाला, "तुझ्या गाडीत सहा एअरबॅग असतील. पण ही फियाट तुझ्या गाडीपेक्षा जास्त सुरक्षित आहे."

या वाक्यात काही अर्थ नव्हता. हे त्याला माहीत होतं, मिथुनला माहीत होतं, मधल्या भिंतीवरच्या पालीलाही माहीत असेल. याच मुद्द्यावर मिथुनने मागच्या पावसाळ्यात मोबाइलवर गाड्या भिंतीवर आदळण्याचे अकरा व्हिडिओ लागोपाठ दाखवले होते आणि बारावा दाखवताना बॅटरी संपली म्हणून उमेशचा फोन ओढून घेतला होता. श्यामकांत त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. थोडी वाट बघितली. कपाळाला आठी येते का, हात खिशाकडे जातो का.

"असेल, काका," मिथुन म्हणाला. "तुमचा अनुभव मोठा आहे."

हायवेवरून एक लांबलचक कंटेनर गेला. गॅरेजचा पत्रा थरथरला आणि शांत झाला.

श्यामकांतने उमेशपुढे हात पसरला. काय पाहिजे ते उमेशला कळलं. त्याने बारीक स्क्रूड्रायव्हर हातावर ठेवला. श्यामकांत फियाटच्या डावीकडच्या दाराने आत शिरला, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. दक्षाबेन अजून स्टिअरिंगमागेच होत्या. त्यांच्या अंगाला हात लागू नये असा तो वाकला आणि एकेक स्क्रू सैल करू लागला. त्याने डोळे मिटले होते. आधी दिवे निघाले. मग वायपर. चोकला वेळ लागला, उमेशने तो घट्ट आवळला होता. पंख्याचं बटण अलगद हातात आलं.

"शामभाई," दक्षाबेन हळू म्हणाल्या, "फरीथी करशो ने? पुन्हा कराल ना? आठ दिवस आहेत. मी तुमच्याकडे येते, वाचून देते, एकेक. शाळेत हेच केलं मी आयुष्यभर."

त्याने बटणं रुमालात ठेवली. चारी टोकं एकत्र घेऊन गाठ मारली, सोडली, पुन्हा नीट मारली. फळ्यावर चार उघडे दांडे राहिले. तो बाहेर आला. स्क्रूड्रायव्हर उमेशच्या टेबलावर, ज्या खणातून निघाला होता त्या खणात, टोक आत करून ठेवला.

"इकोला अजून वेळ आहे, काका," उमेश म्हणाला. "बसा ना. भजी मागवतो."

"मी सोडतो डहाणूपर्यंत," मिथुन म्हणाला आणि पळत जाऊन त्याने आपल्या गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. "चला, काका. जाता-जाता भांडू. तुम्ही म्हणाल त्या विषयावर."

श्यामकांतने तिघांकडे एकदा बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. पोचवायला आलेल्या माणसांकडे गाडी सुटताना बघतात, तसं ते होतं. रुमालाची गाठ त्याने खिशात घातली, चपला पायांत सरकवल्या आणि गॅरेजमधून बाहेर पडून, मिथुनने धरलेल्या दारावरून पुढे, तो हायवेकडे चालू लागला.